आधी भिंतीतला प्लग, मग ग्राफिक्स कार्ड

वाचकाचे पत्र: मी परभणीत माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. विमानांचे वेड लहानपणापासूनचे आहे. भाचा बारावीची परीक्षा देऊन सुट्टीला आला आहे आणि आम्ही दोघांनी मिळून घरीच संगणक जोडायचे ठरवले आहे. मला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ आणि एक्स-प्लेन १२ चालवायचे आहे. भाच्याला नेमबाजीचे आणि गाड्यांच्या शर्यतीचे गेम खेळायचे आहेत. मॉनिटर आणि जॉयस्टिक धरून दोन लाखांची तयारी आहे. दुकानदाराने दिलेले कोटेशन सोबत पाठवत आहे. पैसे योग्य ठिकाणी जात आहेत का, हे कृपया सांगावे. आमच्या भागात लाईट वारंवार जाते आणि मे महिन्यात खोली भट्टीसारखी तापते, हेही कळवून ठेवतो. — एक वाचक, परभणी

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि कोटेशन दोन्ही सावकाश वाचले. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावी तशी, लाईटची आणि उन्हाळ्याची जी ओळ तुम्ही लिहिली आहे, ती मला साऱ्या पत्रात सर्वांत महत्त्वाची वाटली, आणि कोटेशनमध्ये नेमका तिचाच विचार झालेला नाही. त्यात इंटेलचा आय९ १४९००के हा प्रोसेसर आहे, १६ जीबी रॅमची एकच पट्टी आहे, ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे, ५०० जीबीची एसएसडी आहे, सहा रंगीत पंख्यांचे काचेचे कॅबिनेट आहे आणि २४० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर आहे. एसएमपीएससमोर, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यासमोर, मात्र फक्त ‘८०० वॅट’ एवढेच लिहिले आहे. कंपनीचे नाव नाही. यूपीएस नाही, जॉयस्टिकही नाही. दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण बहुतेक गिऱ्हाइके जे मागतात तेच त्याने लिहून दिले आहे. पण ही मांडणी विमान उडवणाऱ्या माणसासाठी नाही, आणि परभणीच्या घरासाठी तर नाहीच. माझा सल्ला असा की यादी दोन्ही टोकांकडून लिहायला घ्या: एका टोकाला तुम्ही ज्या पडद्याकडे बघणार तो मॉनिटर, दुसऱ्या टोकाला भिंतीतला प्लग. ही दोन टोके पक्की झाली की मधले भाग निवडणे फारसे अवघड राहत नाही.

त्याआधी सिम्युलेटर संगणकाकडून नेमके काय काम करून घेतो ते समजून घेऊ. नेमबाजीच्या गेममध्ये मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर असतो. सिम्युलेटरमध्ये पंखांवरचे वारे, इंजिनाची अवस्था, कॉकपिटमधली उपकरणे, आसपासची वाहतूक, हवामान आणि खाली सरकणारी जमीन यांचा हिशेब दर क्षणाला नव्याने करावा लागतो, आणि त्यातला मोठा हिस्सा ‘मेन थ्रेड’ नावाच्या एकाच साखळीतून जातो. तुम्ही गणित शिकवता, म्हणून तुमच्या वर्गातलाच दाखला देतो. दहा पायऱ्यांचे एक उदाहरण चोवीस मुलांना वाटून देता येत नाही, कारण दुसरी पायरी पहिलीच्या उत्तरावर उभी असते. तिथे एक चपळ मुलगा लागतो आणि लागणारी सूत्रे त्याच्या हाताशी असावी लागतात. १४९००के मध्ये चोवीस कोअर, म्हणजे हिशेब करणारे चोवीस भाग, आहेत, परंतु सिम्युलेटरला त्यांतल्या बहुतेकांचा उपयोग नसतो. साखळी अडली की महागातले ग्राफिक्स कार्डही पुढच्या चित्राची वाट बघत रिकामे बसते.

‘सूत्रे हाताशी असणे’ म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली कॅशे स्मृती. १४९००के ची तिसऱ्या पातळीची कॅशे ३६ एमबी आहे. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये ती ९६ एमबी आहे, कारण तिथे कॅशेचा जादा थर मूळ चिपवर रचलेला असतो. कोअर आठच आहेत, तरी सिम्युलेटरमध्ये, विशेषतः मोठ्या विमानतळावर मोठे प्रवासी विमान घेऊन उतरताना, ह्या मोठ्या कॅशेचा फरक उघड दिसतो. दुसरा फायदा तुमच्या खोलीच्या दृष्टीने तितकाच मोलाचा आहे. १४९००के पूर्ण जोर लावल्यावर २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. ७८००एक्स३डी चे अधिकृत मान १२० वॅट आहे आणि गेम चालू असताना तो बहुधा त्याच्याही बराच खाली राहतो. जेवढी वीज आत जाते तेवढी उष्णता खोलीत येते, आणि मे महिन्यात ती कोणाला नको असते हे मी वेगळे सांगायला नको. शिवाय इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या प्रोसेसरांमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) सुधारून दिला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. अद्ययावत बायॉसवर, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरवर, ते प्रोसेसर चालतात. पण तुमच्या कामासाठी त्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला ९८००एक्स३डी याहून वेगवान आहे. त्यात कॅशेचा थर कोअरच्या खाली नेल्यामुळे उष्णता कूलरपर्यंत लवकर पोहोचते. दोन लाखांत सगळे बसवायचे असेल तर मात्र मी ७८००एक्स३डी वर थांबेन. मदरबोर्ड बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा, एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) घ्यावा. हे सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, त्यामुळे चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून काम भागण्याची शक्यता राहते. मदरबोर्डवरच्या दिव्यांना आणि चिलखतासारख्या पत्र्यांना पैसे देऊ नका. मागे यूएसबीच्या जागा किती आहेत ते मात्र मोजून घ्या, कारण जॉयस्टिक, थ्रॉटल, पुढेमागे पेडल आणि हेडफोन एवढ्यांनीच त्या भरतात.

रॅमबद्दल मी आग्रही आहे. फ्लाइट सिम्युलेटर २०२४ साठी अधिकृत किमान गरज १६ जीबी, शिफारस ३२ जीबी आणि आदर्श ६४ जीबी अशी आहे. तुम्ही ३२ जीबी घ्या, आणि ती १६-१६ च्या दोन पट्ट्यांच्या जोडसंचात घ्या. एकच पट्टी लावली तर प्रोसेसरला स्मृतीपर्यंत जाण्याचा निम्मा रस्ता बंद राहतो, आणि चार पट्ट्या लावल्या तर ह्या सॉकेटवर वेग बहुधा उतरवावा लागतो. डीडीआर५, ६००० वेगाची आणि शक्य तर सीएल३० ची (हा आकडा लहान तितका प्रतिसाद लवकर) रॅम ह्या प्रोसेसरला सर्वांत चांगली मानवते. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव जगभर चढले आहेत. तुमच्या अंदाजपत्रकाला सर्वांत मोठा चिमटा तिथेच बसेल, याची मनाशी तयारी ठेवा. ओढाताण फारच झाली तर रॅम १६ वर आणू नका; त्याऐवजी प्रोसेसर तात्पुरता रायझन ५ ७६०० घ्या. त्याच्या खोक्यात कूलरही येतो, आणि पुढे हातात पैसे आले की त्याच मदरबोर्डवर एक्स३डी बसवता येतो. मी हा मार्ग दुसऱ्या पसंतीचा मानतो, परंतु तो सन्मानाचा मार्ग आहे.

आता पडदा. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४० च्या (२५६० × १४४०) पडद्यावर ३६.९ लाख आणि ४के वर ८२.९ लाख. ग्राफिक्स कार्डाला दर चित्रासाठी एवढे ठिपके रंगवावे लागतात, म्हणून मॉनिटर ठरल्याशिवाय कार्ड ठरवणे म्हणजे मापे न घेता कापड फाडण्यासारखे आहे. कॉकपिटमधले आकडे डोळे बारीक न करता वाचता आले पाहिजेत. त्यासाठी २७ इंची फुल एचडी पडदा अपुरा पडतो आणि ४के पडदा तुमच्या पैशांत बसणाऱ्या कार्डाला झेपत नाही. २७ इंची, १४४० चा, आयपीएस पॅनेलचा, १४४ ते १८० हर्ट्झचा मॉनिटर दोघांनाही पुरेल. भाच्याला नेमबाजीत सेकंदाला शंभराहून अधिक फ्रेम, म्हणजे चित्रे, लागतात, तर विमानात स्थिर ४० ते ४५ फ्रेम असल्या की हात समाधानी होतो. तेव्हा २४० हर्ट्झसाठी मोजलेला पैसा तुमच्या उपयोगाचा नाही. मॉनिटरमध्ये फ्रीसिंक किंवा जीसिंकशी जुळणारी व्यवस्था असल्याची खात्री मात्र करून घ्या, कारण विमानात फ्रेमची संख्या सतत खालीवर होते आणि पडद्याने तिच्याशी जुळवून घेतले तर धावपट्टी तुटक दिसत नाही.

ह्या पडद्यासाठी एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय किंवा एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी घ्यावे, आणि दोन्हींपैकी कोणतेही घेतले तरी १६ जीबीचेच घ्यावे. इथे डोळ्यांत तेल घालून बघा: ह्या दोन्ही कार्डांच्या ८ आणि १६ जीबी अशा दोन आवृत्त्या त्याच नावाने विकल्या जातात, आणि खोक्यावरचा तो एक आकडा वाचायचा राहिला तर पुढची चार वर्षे हळहळ होते. सिम्युलेटर जमिनीची चित्रे, ढग आणि कॉकपिटचे बारकावे कार्डाच्या स्मृतीत ठेवतो. ती भरली की विमान वळवताना चित्र अडखळू लागते आणि मग कोणतेही सेटिंग मनासारखे लागत नाही. दोहोंत निवड करायची तर मी, भावात फार तफावत नसेल तर, एनव्हिडियाकडे झुकेन, कारण तिची डीएलएसएस (कमी ठिपक्यांत काढलेले चित्र मोठे करून दाखवणारी पद्धत) आणि मधल्या फ्रेम तयार करणारी व्यवस्था सिम्युलेटरमध्ये चांगली मुरली आहे. डीएलएसएस लावल्यावर उंची दाखवणारे बदलते आकडे किंचित फरपटल्यासारखे दिसू शकतात. तसे दिसले तर त्याची पातळी एक पायरी वर न्या.

आता भिंतीतल्या प्लगाकडे येतो. काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातल्या एका नातेवाइकांकडे नवा संगणक जोडून देताना माझा उघडा पाय फरशीवर होता आणि कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागताच मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. आधी वाटले, भास झाला. मल्टिमीटर काढून त्या स्क्रूपासून आवारातल्या बोअरच्या लोखंडी पाइपापर्यंत मोजले तर काटा ११० व्होल्टच्या आसपास उभा राहिला. एसएमपीएसमध्ये बिघाड नव्हता. त्याच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. विद्युत गोंगाट अर्थिंगमध्ये सोडून देणे हे त्यांचे काम. अर्थिंगच नसेल तर पत्रा मधल्या मध्ये, म्हणजे निम्म्या व्होल्टेजवर, तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला सहसा इजा होत नाही, पण यूएसबीची वायर लावता-काढताना तोच प्रवाह जॉयस्टिकच्या किंवा मदरबोर्डच्या नाजूक चिपमधून वाट शोधतो. त्या घरात सॉकेटला तिसरे भोक होते. त्यामागे वायर नव्हती.

म्हणून काहीही खरेदी करण्याआधी एखाद्या जाणकार वायरमनला बोलावून ज्या सॉकेटवर संगणक लावणार आहात तिथे तीन मोजमापे घ्यायला सांगा: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी यावीत आणि तिसरे दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. ते दहा-पंधरा दाखवत असेल किंवा काटा भरकटत असेल तर आधी अर्थिंगचे काम करून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. त्यामुळे पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग एप्रिलनंतर निकामी झाल्याचे मी कितीदा पाहिले आहे. खड्ड्यात मीठ-कोळसा नीट भरलेला असावा आणि फेब्रुवारीपासून आठवड्याला बादलीभर पाणी सोडावे. एक गोष्ट मात्र कोणी सुचवली तरी करू देऊ नका: काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनेला जोडून ‘अर्थिंग करून दिले’ असे सांगतात. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर त्या जोडणीमुळे सबंध कॅबिनेटवर २३० व्होल्ट येतात, आणि त्याने जीव जाऊ शकतो. घराच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर याच कामात तोही बसवून घ्या. हा खर्च संगणकाच्या खात्यावर लिहू नका, घराच्या खात्यावर लिहा.

एसएमपीएस नामांकित कंपनीचा, ६५० ते ७५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड दर्जाचा आणि पाच वर्षे किंवा अधिक वॉरंटीचा घ्या. गोल्ड हा शब्द वीज किती वाया जात नाही एवढेच सांगतो. आतला माल कसा आहे ते वॉरंटीच्या वर्षांवरून जास्त कळते. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही स्वीकारतो, त्यामुळे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्यावर व्होल्टेज १८० वर आले तरी स्टॅबिलायझरची गरज पडत नाही. बिननावाच्या एसएमपीएसकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही, आणि तो जळताना एकटा जळेल याची हमीही नसते. तुमच्या कोटेशनमधली जी एक ओळ मी आजच खोडायला सांगेन ती हीच.

माझ्या हिशेबाने वरचा संगणक आणि मॉनिटर मिळून खेळताना साडेतीनशे वॅटच्या आसपास वीज घेतील. दुकानात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस त्याला पुरणार नाही. १००० व्हीए किंवा त्याहून मोठा आणि शुद्ध साइन वेव्हचा घ्या. त्याने उड्डाण पूर्ण होणार नाही, पण पाच-सात मिनिटांत सेव्ह करून नीट बंद करता येईल. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा विचार असेल तर तो साइन वेव्हचा आहे का आणि त्यावर ‘यूपीएस’ अशी कळ आहे का ते बघा. लाईट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो. साध्या पद्धतीवर ठेवलेला इन्व्हर्टर तेवढ्यात जागा होत नाही आणि संगणक बंद पडतो. इंटरनेटचा राउटरही बॅकअपवर घ्या, कारण फ्लाइट सिम्युलेटर २०२४ जमिनीचे बरेचसे चित्र उडता उडता इंटरनेटवरून ओढतो. त्यासाठी ५० एमबीपीएसची शिफारस आहे आणि १० हे किमान आहे. एक्स-प्लेनचा भूभाग डिस्कवर उतरवलेला असतो, त्यामुळे नेट गेल्यावरही ते उडते. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडू लागले की विजेचा प्लग आणि नेटची केबल दोन्ही काढून ठेवायची सवय भाच्याला लावा. केबलमधून आलेल्या विजेने संगणक गेल्याची उदाहरणे आपल्या भागात कमी नाहीत.

उष्णतेचे गणित सरळ बेरजेचे आहे. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ६५ वर जात असेल, तर त्याच कामाला ४२ अंशांच्या खोलीत तो ८२ च्या आसपास जाईल. ७८००एक्स३डी ची मर्यादा ८९ आहे, म्हणजे हाताशी फार थोडे उरते. दोन मनोऱ्यांचा चांगला एअर कूलर त्याला पुरतो. पाण्यावरच्या कूलरचा पंप आणि नळ्या हा परभणीत सांभाळायला नको असलेला व्याप आहे. खरा प्रश्न कॅबिनेटचा आहे. काचेच्या तोंडाचे कॅबिनेट हवा आत घेत नाही. त्याजागी समोर जाळी असलेले, धुण्याजोगा गाळणीपडदा असलेले कॅबिनेट घ्या आणि समोरून दोन पंखे आत, मागून एक बाहेर अशी रचना ठेवा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त असली की फटींतून धूळ शिरत नाही. तुमच्याकडे जिनिंगचा हंगाम सुरू झाला की हवेत कापसाचे तंतू तरंगतात. ते पंख्यात न अडकता आधी गाळणीवर बसतात आणि तिथे पातळ गोधडीसारखा थर धरतात. त्या दिवसांत पंधरा दिवसांनी गाळणी काढून झटका. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा. वाळ्याच्या कूलरचा झोत त्यावर थेट येऊ देऊ नका. बोअरच्या जड पाण्याचा क्षार त्या ओल्या हवेबरोबर आत जाऊन पांढरा बसतो.

एसएसडीवर मला फार बोलायचे नाही: १ टीबीची चौथ्या पिढीची एनव्हीएमई घ्या, ५०० जीबी भाच्याच्या तीन गेममध्येच भरेल. विंडोज ११ घ्या, कारण १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

जॉयस्टिकसाठी दहा टक्के रक्कम आधीच बाजूला काढा. कीबोर्डवर विमान उडवणे म्हणजे तबला चमच्याने वाजवणे. मुठीला पीळ देऊन रडर (शेपटीचे सुकाणू) फिरवता येईल अशी स्टिक घेतली तर पेडलांचा खर्च टळतो. आतला सेन्सर शक्यतो चुंबकीय, म्हणजे हॉल पद्धतीचा असावा, थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एम मध्ये तो आहे. साध्या पोटेन्शिओमीटरवर धूळ आणि झीज यांचा परिणाम होऊन विमान आपोआप एका बाजूला झुकू लागते. योक (विमानातले हाताने फिरवायचे चाक), पेडल, स्विचांचे फलक हे सारे मोहक आहे, पण सहा महिने एअरबस आणि सेसना दोन्ही उडवून बघा, तुमचा हात कुठे रमतो ते कळेल आणि मग घ्या. डोके वळवले की कॉकपिट वळावे असे वाटले तर वेबकॅमवर चालणारे ओपनट्रॅक हे सॉफ्टवेअर फुकट आहे. भाच्याला पुढे वैमानिक व्हायचे असेल तर त्याला हेही सांगा की व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांत घरच्या संगणकावरचा एकही मिनिट धरला जात नाही. चेकलिस्टची शिस्त आणि उपकरणे वाचायची सवय मात्र लागते, आणि ती कमी मोलाची नाही.

खरेदी एका दमात करू नका. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबादला उतरले की चिनॉय ट्रेड सेंटर, ज्याला सगळे सीटीसी म्हणतात, तिथे सुटे भाग दुकानोदुकानी भाव विचारून घेता येतात. प्रोसेसर, रॅम, कार्ड असे छोटे भाग तिथून आणावेत. मॉनिटर आणि यूपीएस मात्र परभणीत किंवा छत्रपती संभाजीनगरात घ्यावेत, कारण बिघडल्यावर ते उचलून नेणे जवळ पडते. तुमच्या दुकानदारालाही नवी यादी दाखवा. थोडे जास्त घेऊन तो वॉरंटीची धावपळ स्वतः करणार असेल, तर ते पैसे वाया गेले असे मी मानणार नाही. बिल जीएसटीचेच घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. पार्सलने मागवलेले खोके उघडताना सलग व्हिडिओ काढा.

जोडणी दिवसा करा, हाताशी उजेड असू द्या. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक, एकूण १७१८. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि तो अलगद सोडा. दाबायचे काही नाही. लिव्हर खाली नेताना कुरकुर ऐकू येते आणि काळे प्लास्टिकचे झाकण आपोआप उडून बाहेर येते, तेव्हा घाबरू नका. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो, कारण मदरबोर्ड रॅमची चाचपणी करत असतो. ह्या वेळी धीर सोडून बटण दाबणाऱ्यांचे फोन मला नेहमी येतात; तुम्ही चहा ठेवा. मग बायॉस अद्ययावत करा. हे टाळू नका, कारण २०२३ मध्ये काही एक्स३डी प्रोसेसर जादा व्होल्टेजने खराब झाल्यावर एएमडीने बायॉसमधूनच ते १.३ व्होल्टवर रोखले. त्यानंतर बायॉसमधले एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारे सेटिंग, चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम त्याहून बऱ्याच कमी वेगाने चालत राहील आणि तुम्हाला कळणारही नाही. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावा, आणि विंडोजमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ६० वरून वाढवा.

पहिले उड्डाण नांदेडहून करा. सेसना १७२ घ्या, साडेतीन हजार फुटांवर राहा आणि गोदावरी धरून उलट्या दिशेने गंगाखेडवरून पैठणला, नाथसागरापर्यंत जा. डेव्हलपर मोडमध्ये फ्रेमचा फलक सुरू ठेवा आणि त्यावर अडथळा मेन थ्रेडचा लिहिला आहे की ग्राफिक्स कार्डाचा, ते वहीत टिपा. दुसऱ्या दिवशी तेच मुंबईच्या धावपट्टीवर मोठे विमान उतरवताना टिपा. मेन थ्रेड अडत असेल तर भूभागाची बारीकसारीक पातळी आणि आसपासची वाहतूक कमी करा. कार्ड अडत असेल तर आधी ढग एक पायरी खाली आणा. त्या दोन नोंदी आणि वायरमनने घेतलेली तीन मोजमापे मला कळवलीत, तर ग्राफिक्सची उरलेली सेटिंगे पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.